वन्संचं लायसन्स

आमच्या वन्सं डोंबिवलीला राहतात, आम्ही ठाण्याला. त्या कधीही न कळवता येतात. येताना पिशवीत काहीतरी खाऊ असतो. त्या दिवशी मात्र आल्या आणि खाऊऐवजी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून म्हणाल्या, ‘‘अगं, तुझ्या लेकाचं ते पिवळं पेन आहे का गं? ओळींवर फिरवायचं. अभ्यासाला हवंय.’’

‘‘कुणाच्या अभ्यासाला?’’

‘‘माझ्या. परीक्षेला बसतेय.’’

मी चहाचे आधण तसेच ठेवून बाहेर आले. वन्संचे वय ५३. बी.ए. होऊन तीस वर्षे उलटलेली. आता या वयात कसली परीक्षा? तेव्हा त्या हसत म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं लोकांची लीव्ह अँड लायसन्स केली. आता म्हटलं, माझं स्वतःचं लायसन्स काढावं.’’

वाचकहो, वन्संच्या या लायसन्सची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. एक तर तुमच्यापैकी कितीतरी जणी घरबसल्या असाच काही उद्योग करत असतील किंवा करू पाहत असतील. आणि दुसरे म्हणजे, आज ना उद्या प्रत्येकाला घर घ्यायचे असते. त्यावेळी आपल्यासमोर बसलेला माणूस कोण आहे, हे आपल्याला कळायला हवे.

चाव्यांचा जुडगा आणि एक डायरी

वन्संचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, ज्या कंपनीत होते ती बंद पडली तेव्हा मुलगी शाळेत होती. त्याच सुमारास शेजारची जागा रिकामी झाली. वन्संनी ओळखीतल्या एका कुटुंबाला ती भाड्याने मिळवून दिली. मालक खूश झाले आणि त्यांनी एक महिन्याचे भाडे वन्संच्या हातावर ठेवले. तिथून सुरुवात झाली. हळूहळू अर्ध्या गल्लीच्या घरांच्या चाव्या वन्संकडे राहू लागल्या. कुठले घर रिकामे, कुणाला किती डिपॉझिट परवडेल, कुठल्या इमारतीत पाणी सकाळी येते, सगळे त्यांच्या डायरीत लिहिलेले.

या डायरीवर मुलीचे शिक्षण झाले, तरी घरात कुणी याला ‘काम’ म्हणत नसे. भावोजी कौतुकाने म्हणायचे, ‘‘हिला लोकांची घरं बघायची हौस आहे.’’

मग स्टेशनजवळ एक मोठा गृहप्रकल्प उभा राहू लागला. वन्संच्या ओळखीचे दोघे तिथे फ्लॅट घ्यायला तयार होते. वन्सं त्यांना घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या मुलीने त्यांना बसवले, चहा दिला आणि विचारले, ‘‘मॅडम, तुमचा रेरा नंबर?’’ वन्संकडे नंबर नव्हता. ‘‘मग मॅडम, तुमचं नाव आम्हाला लावता येणार नाही,’’ ती मुलगी म्हणाली.

वन्सं सांगतात, ‘‘रिक्षात बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं. पैसे गेले म्हणून नाही. इतकी वर्षं केलं ते सगळं कुठे मोजतच नाहीत, असं वाटलं.’’

कायदा काय सांगतो

वन्संना अडवणाऱ्या मुलीचे काही चुकले नव्हते. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, तो २०१६ मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. या कायद्याने बिल्डरला आपला प्रकल्प नोंदवणे जसे बंधनकारक केले, तसेच त्या प्रकल्पातली घरे विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी सक्तीची केली. आपण बोलताना लायसन्स म्हणतो, कायद्याचा शब्द ‘नोंदणी’ आहे.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून नीट समजून घ्या. ही नोंदणी लागते ती रेराखाली नोंदवलेल्या प्रकल्पातले घर किंवा प्लॉट विकण्या-घेण्यात मध्यस्थी करायला. भाड्याचे व्यवहार या कायद्यात येत नाहीत. जुन्या, कधीच पूर्ण झालेल्या इमारतीतला फ्लॅट एकाने दुसऱ्याला विकला, तर तोही यात येत नाही. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात आठपेक्षा जास्त घरे नाहीत, त्यालाही नोंदणीतून सूट आहे. म्हणजे वन्संचा भाड्याचा उद्योग बेकायदा नव्हता. नव्या इमारतीच्या दारात मात्र त्यांना थांबावे लागले.

नोंदणी न करता असे व्यवहार केले तर दंड आहे तो दिवसाला १०,००० रुपये, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ६० लाखांचा फ्लॅट धरला तर ५ टक्के म्हणजे ३ लाख. दोन टक्के दलाली धरली तर मिळणार १ लाख २० हजार. हा हिशेब वन्संनी भावोजींना पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवला, तेव्हा कुठे भावोजी गप्प झाले.

वीस तास आणि एक परीक्षा

पूर्वी नुसता अर्ज आणि शुल्क भरले की नोंदणी होत असे. महाराष्ट्रात ते बदलले. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे महाराष्ट्रातल्या नियामक प्राधिकरणाने, आदेश काढून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आधी २० तासांचे प्रशिक्षण, मग संगणकावर परीक्षा. त्यात उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र असेल तरच नोंदणी. आधीपासून नोंदणी असलेल्यांनाही हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत होती. ज्यांनी ते मिळवले नाही, अशा हजारो एजंटांची नोंदणी पुढे महारेराने स्थगित केली.

वन्संनी प्रशिक्षणाचे तास मोबाईलवर पूर्ण केले. भाजी निवडताना कानाला तार लावलेली असायची. भावोजी हळूच कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले. मुलगी संध्याकाळी ऑफिसातून आली की आईला प्रश्न विचारायची.

एकदा मी गेले तेव्हा ‘चटई क्षेत्र’ चालले होते. आपण ज्याला कार्पेट एरिया म्हणतो ते. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची आणि लिफ्ट वा पाइपांसाठीच्या पोकळ्या सोडून घराच्या आतली वापरायला मिळणारी जागा, खोल्यांमधल्या भिंती मात्र धरून, अशी त्याची कायद्यातली व्याख्या आहे. ‘‘सुपर बिल्टअप, सेलेबल असले शब्द वापरून पूर्वी जिना आणि लॉबीसुद्धा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे. आता किंमत कार्पेटवरच सांगायची,’’ वन्सं म्हणाल्या. त्यांनी मला आमच्याच फ्लॅटचे क्षेत्रफळ विचारले. मला सांगता आले नाही. वीस वर्षे मी या घरात राहते!

त्या अभ्यासात आणखी बऱ्याच गोष्टी होत्या. बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची असेल, तर आधी विक्रीचा करार करून तो नोंदवावा लागतो. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पासाठी वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा. एजंटने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर विकायचे नाही, खोटी आश्वासने द्यायची नाहीत, आपले हिशेब ठेवायचे आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवी ती सगळी माहिती व कागदपत्रे मिळतील असे पाहायचे.

‘‘यातलं निम्मं मी आधीपासून करतच होते,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘पण उरलेलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. नशीब, कुणाला बुडवलं नाही.’’

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर त्यांच्या शेजारी त्यांच्या मुलीच्या वयाचा एक तरुण बसला होता. तो घाबरला होता. वन्संनी त्याला खडीसाखर दिली. निकाल लागला तेव्हा फोनवर एवढेच म्हणाल्या, ‘‘झाले गं पास. पेन परत करायला येते.’’

अर्ज करताना

प्रमाणपत्र हाती आल्यावर महारेराच्या वेबसाइटवर आपले खाते उघडून अर्ज करायचा असतो. फोटो, पॅन कार्ड, जिथे व्यवसाय करणार तिथल्या पत्त्याचा पुरावा आणि प्राप्तिकर विवरणपत्रे असे कागद तयार ठेवावेत. विवरणपत्र भरण्याइतके उत्पन्न नसेल तर तसे घोषणापत्र द्यावे लागते. आपल्यावर काही खटले चालू असतील तर तेही लपवू नयेत. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये आणि भागीदारी फर्म, कंपनी वगैरेंसाठी १ लाख रुपये आहे. नोंदणी पाच वर्षे चालते. मुदत संपण्याची वाट न पाहता नूतनीकरणाचा अर्ज आधीच करावा.

नोंदणीचे प्रमाणपत्र व्यवसायाच्या जागी दिसेल असे लावायचे आणि आपला क्रमांक जाहिरातीत, कार्डावर, कागदपत्रांवर लिहायचा. दलालीचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा, खातेही वेगळे असलेले बरे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी वेगळी करावी लागते. यावर वन्संचे उत्तर ठरलेले, ‘‘देव करो आणि ती पाळी माझ्यावर लवकर येवो!’’

इंदूर, बडोदे, बंगळूर किंवा हैदराबादला राहणाऱ्या आपल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे. कायदा देशाचा असला तरी नोंदणी राज्याची आहे. महाराष्ट्रातल्या क्रमांकावर कर्नाटकातला फ्लॅट विकता येत नाही. शुल्कही राज्याराज्यात वेगळे आहे. कर्नाटकात एकट्या व्यक्तीला २५,००० रुपये भरावे लागतात. प्रशिक्षण व परीक्षेचे नियमही सगळीकडे सारखे नाहीत. म्हणून आपल्या राज्याच्या रेराची वेबसाइट पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

खरी परीक्षा नंतर

इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे. पुढची सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण त्यात मी आहे.

आमच्या मुलाचे लग्न ठरले आणि घर शोधायला सुरुवात झाली. ठाण्यातले भाव आमच्या आवाक्यातले नव्हते. शोधता शोधता कल्याणच्या पुढे एका नव्या प्रकल्पाची माहिती मिळाली. जाहिरात देखणी, भाव आसपासच्या प्रकल्पांपेक्षा बराच कमी. ‘प्री-लॉन्च’ म्हणे. आत्ता दोन लाख भरून नाव लावा, महिनाभरात भाव वाढणार. मुलगा आणि होणारी सून दोघेही हरखले. मी वन्संना फोन केला. म्हटले, घरचेच काम आहे, दलाली त्यांनाच मिळू दे.

वन्सं आमच्याबरोबर आल्या. तिथल्या माणसाने त्यांचे कार्ड पाहिले आणि बाजूला घेऊन सांगितले, की इतर ठिकाणी मिळते त्याच्या दुप्पट कमिशन देऊ. वन्संनी त्याला प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक विचारला. तो म्हणाला, ‘‘अर्ज केलाय, येईलच.’’

‘‘मग आल्यावर येऊ,’’ असे म्हणून वन्सं उठल्या.

मला राग आला. तो मी परतीच्या लोकलमध्ये बोलूनही दाखवला. ‘‘वन्सं, तुमच्या एका कागदापायी पोराचं घर जाईल. दोन लाखांचाच तर प्रश्न आहे,’’ असे मी म्हणाले. आणखीही काही बोलले, ते इथे लिहीत नाही. त्या काळात भावोजींच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. पैशांची गरज माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती, हे मला त्यावेळी सुचले नाही.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, नोंदणी नसताना जाहिरात करणं, बुकिंग घेणं हेच मुळात कायद्यात बसत नाही. माझ्या ओळखीवर तू दोन लाख देणार. उद्या काही झालं तर तू बिल्डरला नाही विचारणार, मला विचारशील. आणि तो माझा भाचा आहे.’’

दोन महिने आमच्याकडे त्यांचे येणे झाले नाही. आमच्या ह्यांनी मध्यस्थी करून पाहिली, पण मीच ताठ होते.

त्या प्रकल्पाचे पुढे काय झाले? तुम्हाला वाटेल, बिल्डर पैसे घेऊन पळाला. तसे काही झाले नाही. आठेक महिन्यांनी त्याची रीतसर नोंदणी झाली. मुलाने सहज म्हणून वेबसाइटवर पाहिले. आम्हाला तोंडी ४४ चौरस मीटर कार्पेट सांगितलेला फ्लॅट तिथे ३९ चौरस मीटरचा होता. पाच चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ५४ चौरस फूट, आपले एक छोटे स्वयंपाकघर. ताबा देण्याची तारीख सांगितली होती त्यापेक्षा दोन वर्षांनी पुढची. मुलाच्या एका मित्राने तिथे दोन लाख भरले होते. ते परत मागावेत की आहे ते घर घ्यावे, या विचारात तो बिचारा तेव्हा होता.

मी त्याच संध्याकाळी डोंबिवलीला गेले. वन्संनी दार उघडले. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, ‘‘ये. थालीपीठं लावतेय, गरम खा.’’

क्रमांक म्हणजे डोळे मिटायची परवानगी नव्हे

पुढे वन्संनीच मुलाला घर मिळवून दिले. एक स्टेशन पुढे, थोडे लहान, पण नोंदवलेल्या प्रकल्पात. त्यावेळी त्या नुसता क्रमांक पाहून थांबल्या नाहीत. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन स्वतः पालिकेच्या कार्यालयात गेल्या आणि ती खरी आहे की नाही ते विचारून आल्या.

मी म्हटले, ‘‘आता एवढं कशाला? नंबर आहे ना?’’

त्यावर त्यांनी मला त्यांच्याच गावची आठवण दिली. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींसाठी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यात कर्ज काढून घरे घेतलेली माणसे राहत होती. त्यांना ती घरे कुणीतरी दाखवली असतील, कुणीतरी ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणून सांगितले असेल.

वन्संचे म्हणणे असे, की जागा दाखवणे हे एजंटचे काम नाही, ते तर रिक्षावालाही करील. समोरच्या कुटुंबाची सारी पुंजी एका सहीत जाणार असते. ती सही करण्यापूर्वी जे पाहायला हवे ते पाहणे आणि पटले नाही तर ‘नाही’ म्हणणे, हे एजंटचे काम.

हे लिहिताना मला एक जाणवते. लायसन्स काढले तेव्हा आम्हाला वाटले होते, वन्संना आता जास्त कमिशन घेण्याचा हक्क मिळाला. तो मिळालाच. मुलाच्या घराची दलाली त्यांनी बिल्डरकडून पूर्ण घेतली. ‘‘कामाचे पैसे आहेत, आणि ते वहीत लिहिलेत,’’ असे त्यांनी ठणकावून सांगितले. मलाही ते आवडले. बायकांच्या कामाला ‘हौस’ म्हणून फुकटात काढायचे दिवस गेले. पण त्या कागदाने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. घरातल्या माणसालाही ‘नाही’ म्हणताना ज्याच्यावर बोट ठेवता येईल, असा आधार दिला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला या व्यवसायात यायचे असेल तर जरूर या. वयाचा, जुन्या पदवीचा संकोच करू नका. वीस तास शिका, परीक्षा द्या, नोंदणी करा. आणि ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांनी एजंट कितीही ओळखीचा असो, अगदी नात्यातला असो, दोन क्रमांक मागा: एक त्याचा आणि एक प्रकल्पाचा. दोन्ही वेबसाइटवर स्वतः पाहा. कार्पेट एरिया आणि ताब्याची तारीख तिथे काय लिहिली आहे ते वाचा. चांगल्या एजंटला याचा राग येत नाही.

वन्संच्या दाराशी आता एक छोटी पाटी आहे. वर त्यांचे नाव, खाली नोंदणी क्रमांक. नाव आहे भावोजींच्याच जुन्या पाटीएवढ्या अक्षरांत. ती पाटी भावोजींनी स्वतः करून आणली. गुडघा बरा झाल्यावर त्यांचे पहिले काम तेच होते.